तैवानची पार्टी, हंगेरीचं खातं

परवा भिशीत एकीने मला सरळच विचारलं, "अहो, तुम्ही एवढ्या अकाउंट्समधल्या, तुम्हाला कसं कळलं नाही?" प्रश्न रास्त आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे हिशेब मी तेवीस वर्षं बघते. ताळेबंदात एक रुपयाचा फरक आला तर तो सापडेपर्यंत घरी न जाणारी बाई अशी माझी ख्याती. आणि याच हातांनी मी 14,560 डॉलर चोराच्या खात्यात पाठवले. त्या दिवशीच्या भावाने बारा लाख तेवीस हजार रुपये.

फसवणुकीचा मेल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॉटरी येते, नाहीतर परदेशातला कुणी मरणाला टेकलेला श्रीमंत म्हातारा, आणि मोडकंतोडकं इंग्रजी. तसले मेल मी रोज उडवते. हा तसला नव्हताच.

तैवानच्या एका कंपनीकडून आम्ही टूल ग्राइंडर, म्हणजे हत्यारांना धार लावायचं मशीन, मागवलं होतं. किंमत 20,800 डॉलर. तीस टक्के अ‍ॅडव्हान्स जुलैमध्ये गेला होता, उरलेले पैसे डिस्पॅचच्या आधी द्यायचे ठरलं होतं. दोन महिने त्यांच्या माणसाशी मेलवर लिहिणं चालू होतं, नळीची जाडी, व्होल्टेज, पॅकिंगची पेटी, असलं सगळं. 19 सप्टेंबर 2024 ला त्याच मेलांच्या साखळीत, खाली आमचं सगळं जुनं लिखाण तसंच ठेवून, एक उत्तर आलं. मशीन तयार आहे, फोटो जोडलाय, बॅलन्स पाठवा. फक्त आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू असल्यामुळे या वेळी दुसऱ्या खात्यात पाठवा. सोबत नवी प्रोफॉर्मा, म्हणजे माल निघायच्या आधीचं बिल, त्यावर शिक्का, सही. आमचा ऑर्डर नंबरसुद्धा बरोबर.

आता त्या आठवड्याची गंमत बघा. मंगळवारी अनंत चतुर्दशी. कोल्हापुरातली मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, कान बधिर. बुधवारी ईदची सुट्टी. गुरुवारी ऑफिसात आले तर टेबलावर ढीग, आणि शुक्रवारी वीस तारीख म्हणजे जीएसटीचं थ्री-बी विवरणपत्र भरायची शेवटची तारीख. मी तो मेल मोबाइलवर वाचला. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, मेलचा पत्ता दिसायला नावावर बोट ठेवावं लागतं. ते बोट मी ठेवलं नाही.

शुक्रवारी बँकेत गेले. काउंटरमागच्या पोराने कागद चाळले आणि मान वर करून विचारलं, "मॅडम, तैवानची पार्टी आणि खातं हंगेरीत?"

मी म्हटलं, "त्यांचं ऑडिट चालू आहे."

हे वाक्य मी इतक्या सहजपणे म्हटलं, की जणू ते ऑडिट मीच करत होते. त्याने खांदे उडवले, अजून एका कागदावर माझी सही घेतली, आणि पैसे गेले. नंतर रात्रीची झोप उडाली ती पैशांपेक्षा या वाक्याने. त्या पोराचं डोकं चाललं होतं, आणि चोराने शिकवलेलं उत्तर त्याला माझ्या तोंडून मिळालं.

सोमवारी तैवानच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, बॅलन्स कधी पाठवताय? मी जरा घुश्श्यातच स्विफ्टची कॉपी, म्हणजे परदेशात पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद, पाठवली. दोन मिनिटांनी त्याचं उत्तर: ही आमची बँक नाही.

बँकेने लगेच पैसे परत मागवण्याचा संदेश पाठवला. मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली आणि सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने मेलची प्रिंट माझ्यापुढे सरकवली आणि पेनाचं टोक पत्त्यावर ठेवलं. "मॅडम, हे जरा नीट वाचा की." मी वाचलं. कंपनीचं नावच होतं. "परत वाचा." तिसऱ्या खेपेला दिसलं. नावात छोटा एम हवा होता, तिथे छोटा आर आणि छोटा एन शेजारी शेजारी बसवले होते. स्वतः टाइप करून बघा, खरंच एम वाटतो. सगळी चोरी त्या एका अक्षराएवढ्या जागेत मावली होती.

पण चोराला आमचा ऑर्डर नंबर कळला कसा? कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या मुलाने माझ्या मेलचं सेटिंग उघडलं तर तिथे एक नियम लिहून ठेवलेला सापडला, मी न लिहिलेला. तैवानहून येणारा प्रत्येक मेल इनबॉक्समध्ये न येता 'आरएसएस फीड्स' नावाच्या, वेबसाइटवरच्या बातम्या गोळा करायच्या फोल्डरमध्ये टाकायचा. तो फोल्डर मी उभ्या जन्मात उघडला नव्हता. उघडला तर त्यात खऱ्या माणसाचे तीन मेल पडलेले, तिसऱ्यात बिचारा विचारतोय, सगळं ठीक आहे ना? म्हणजे ऑगस्टपासून कुणीतरी आमच्या घरात बसून आमची टपाल वाचत होतं, आपल्याला हवी ती पत्रं बाजूला काढत होतं, आणि पेमेंटची वेळ यायची वाट बघत होतं.

मालक शांतपणे म्हणाले, "पासवर्ड काय होता?" मी सांगितला. त्यांच्याच मुलाचं नाव आणि पुढे 123. 2014 साली त्यांनीच ठेवला होता, पोरगा तेव्हा तिसरीत. आता तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानंतर त्या विषयावर मालक मला एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या: पितृपंधरवड्यात मोठे व्यवहार करू नयेत. आता यावर काय बोलणार.

पैसे मिळाले नाहीत. चार महिन्यांनी तिकडच्या बँकेचं उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. मालकांनी बॅलन्स दुसऱ्यांदा भरला आणि मशीन डिसेंबरात आलं. चालतं छान. त्याच्याकडे बघितलं की मला त्याची किंमत जवळजवळ पावणेदोनपट दिसते.

पैसे देशातल्या खात्यात गेले असते तर थोडी आशा असती. 1930 वर लगेच कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत त्या खात्यात अडवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. आपण काय करतो? आधी घरच्यांपासून लपवतो, मग दोन दिवस त्याच चोराला मेल करत बसतो. आणखी एक, जे बऱ्याच व्यापाऱ्यांना आजही ठाऊक नसतं: एनईएफटीत पैसे जातात ते खाते नंबरावर. नाव तुम्ही काहीही लिहा, जुळलंच पाहिजे असं नव्हतं. 1 एप्रिल 2025 पासून रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांना द्यायला लावली आहे. ते नाव दिसतं तेव्हा वाचा. मी आता मोठ्याने वाचते, शेजारचा स्टोअरकीपर हसतो, हसू दे.

बाकी मेलला दोन टप्प्यांचं कुलूप लावलंय, पासवर्ड टाकला तरी मोबाइलवर विचारणा येते. मोठं पेमेंट मोबाइलवर वाचून करायचं नाही. आणि एक लाल कापडी बांधणीची वही आणलीय, किर्द लिहायला असायची तसली. त्यात प्रत्येक पार्टीचा फोन नंबर शाईने लिहिलाय. खातं बदललं असं कुणी कळवलं, तर मेलखाली दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, तो चोराचाच असणार. वहीतल्या नंबरावर करायचा.

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका सप्लायरने खातं बदलल्याचा मेल पाठवला. वही काढून फोन लावला. तो वैतागला, "मॅडम, मेल केलाय की! परत फोन कशाला?"

"शेवटचे चार आकडे सांगा."

"मेलमध्ये आहेत."

"मेलमधले मला दिसतायत. तुमच्या तोंडून सांगा."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पासबुकाची पानं. मी पेनाचं टोपण काढून थांबले.