शास्त्राच्या तासाला शिकलेला स्वर्ग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहायची म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. आज मी चर्चमधील तरुणांचा शास्त्राभ्यास घेतो आणि तेथे स्वर्ग-नरकाचा विषय निघाला की जे काही सांगतो, त्याचा पाया आम्हाला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणाऱ्या बाईंनी घातलेला आहे.

बाई क्रमाला फार जपत. मेल्यावर कोण कुठे जाते, येथून त्या कधीच सुरुवात करीत नसत. येशूच्या पुनरुत्थानापासून करीत. आत्मा देहातून सुटून आकाशात जातो एवढ्यावर ख्रिस्ती आशा संपत नाही, देव मेलेल्यांना उठवतो आणि ही सृष्टीच नवी करतो, हे मुलांना आधी समजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाचा 21वा अध्याय आमच्याकडून मोठ्याने वाचून घेऊन त्या विचारत, “माणसे वर जाताहेत, की नगरी खाली येतेय?” आम्ही पुन्हा ओळी पाहायचो. नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते, देव माणसांबरोबर वस्ती करतो, त्यांच्या डोळ्यांचे अश्रू पुसतो, आणि त्या नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत. ढगांवर बसून वीणा वाजवणाऱ्या देवदूतांची चित्रे पाहून ज्या मुलांना स्वर्ग कंटाळवाणा वाटू लागलेला असतो, त्यांच्यापुढे मी आजही हाच अध्याय ठेवतो.

नरकाविषयी बाईंनी काही सौम्य करून सांगितले नाही आणि भीतीही घातली नाही. येशू त्याबद्दल कठोर शब्दांत बोलला, हे त्या स्पष्ट सांगत. त्यासाठी त्याने यरुशलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्याचे नाव घेतले. तेथे एके काळी लोकांनी आपलीच मुले अग्नीत अर्पण केली होती, यिर्मया संदेष्ट्याने त्याचा धिक्कार केला होता आणि योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार थांबवला होता. अशा क्रौर्याकडे देवाने काणाडोळा करावा असे तुम्हाला वाटते का, या त्यांच्या प्रश्नावर वर्गात कोणीही ‘हो’ म्हणाले नाही.

मग बायबलमधील लूकच्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांचा दाखला येई. त्यातील ज्वालांवर आमचे लक्ष खिळलेले असे, पण बाई आम्हाला संवाद वाचायला लावीत. दाराशी फोडांनी भरून पडलेल्या लाजराचे नाव श्रीमंताला ठाऊक आहे. मेल्यावर यातना भोगत असतानाही तो लाजराची क्षमा मागत नाही. बोटाचे टोक पाण्यात बुडवून आपली जीभ थंड करायला त्याला पाठवा, असे लाजर ज्याच्याजवळ आहे त्या पूर्वज अब्राहामाला सांगतो, आणि पुढे आपल्या भावांकडे निरोप घेऊनही त्यालाच धाडू पाहतो. मृत्यूनंतरही लाजर त्याच्या लेखी कामाला पाठवायचा माणूसच राहिला आहे. देवाकडे आणि शेजाऱ्याकडे पाठ फिरवण्याची सवय माणसाचा स्वभाव होऊन बसते, हे नरकाचे भयंकरपण मला त्या दाखल्यातून जितके कळले तितके आगीच्या कोणत्याही वर्णनातून कळले नसते.

एकदा एका मुलीने विचारले, “बाई, माझे आजोबा ख्रिस्ती नव्हते. ते कुठे गेले?” बाई तिच्या बाकाजवळ जाऊन बसल्या. म्हणाल्या, “बाळ, न्याय करायचे काम देवाने माझ्याकडे दिलेले नाही. ज्याच्याकडे दिले आहे, त्याने वधस्तंभावरून स्वतःला मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. तुझे आजोबा त्याच्या हातात आहेत, एवढे मी तुला खात्रीने सांगू शकते.” हे उत्तर मला आजही पुरेसे प्रामाणिक वाटते, कारण त्यात खोटा दिलासा नाही आणि देवाच्या जागी बसण्याचे धाडसही नाही.

मोठ्या वर्गात गेल्यावर त्यांनी मतभेदही लपवले नाहीत. शुद्धिस्थानाची, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी मृतांच्या आत्म्यांची शुद्धी होते ही, शिकवण रोमन कॅथोलिक चर्चने 1439मध्ये फ्लॉरेन्सच्या आणि 1563मध्ये ट्रेंटच्या परिषदेत मांडली. प्रोटेस्टंट सुधारकांनी ती शास्त्राधार नाही म्हणून नाकारली. ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय शुभवर्तमान, म्हणजे येशूचा तारणाचा संदेश, कळलेच नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण लाभू शकते, असे कॅथोलिक चर्चच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964मध्ये म्हटले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मात्र ख्रिस्तावरील प्रकट विश्वासावरच भर देतात. नरकयातना सार्वकालिक आहेत ही बहुसंख्य चर्चची परंपरागत शिकवण; दुष्टांचा शेवटी नाशच होतो असे मानणारेही ख्रिस्ती आहेत. विचार करू लागलेल्या मुलांपासून हे दडवले, तर ती आपल्याला विचारणे सोडून देतात.

आता शास्त्राभ्यास घेताना मी एक पथ्य पाळतो: शिस्तीसाठी नरकाचे नाव घ्यायचे नाही, आणि घरात नुकताच मृत्यू झालेले मूल समोर असेल, तर धडा बाजूला ठेवून आधी त्याचे ऐकायचे. अशी मुले बहुधा एकच विचारतात, “तिथे आमची माणसे आम्हाला ओळखतील का?” तेव्हा मी योहानाचा 20वा अध्याय उघडतो. उठलेल्या येशूला मरीया मग्दालीया आधी माळी समजते आणि त्याने तिला नावाने हाक मारताच ओळखते. पुढे तो शिष्यांना आपले हात आणि कूस दाखवतो, आणि वधस्तंभावरच्या जखमांच्या खुणा त्याच असतात.