पान मिळतं का?

मे महिन्यात दुपारी चारला अंबाजोगाईत घराबाहेर पडायला काहीतरी सबळ कारण लागतं. माझं कारण होतं दिवाळी अंक. दिवाळी अंक मे महिन्यात परत करायला निघालेल्या माणसाने खरं तर अंधार पडल्यावरच जावं. पण बायकोने पिशवी हातात दिली आणि दार लावून घेतलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत होतं.

ग्रंथालयाच्या दारावर कापडी फलक होता, ‘उन्हाळी वाचन शिबिर, वयोगट ५ ते १०’. आत पाऊल टाकलं आणि कूलरचा तो ओल्या वाळ्याचा वास नाकात शिरला. देवघेवीच्या टेबलाशी कुणी नव्हतं, हे एक बरं झालं. वाचनकक्षातली बाकं भिंतीला सरकवून मध्ये सतरंजी अंथरलेली, आणि तिच्यावर वीस-पंचवीस लेकरं सांडल्यासारखी पडलेली. कुणी पालथं, कुणी मांडी घालून, एकाने तर दुसऱ्याच्या पोटाची उशी केलेली. भिंतीवर कार्डशीटचं झाड होतं. पुस्तक वाचून झालं की हिरव्या घोटीव कागदाचं एक पान मिळणार. त्यावर आपलं नाव नि पुस्तकाचं नाव लिहायचं आणि डिंकाने फांदीला चिकटवायचं. दहा दिवसांत झाड बऱ्यापैकी भरलं होतं. एका फांदीवर तर एकाच मुलीची ३१ पानं. तिची आई दारात उभी राहून त्या फांदीचे फोटो काढत होती, एकदा आडवा मोबाइल धरून, एकदा उभा.

शिबिर घेणारी ताई, ग्रंथालयशास्त्राचा कोर्स करणारी एक मुलगी, मला बघून लगबगीने आली. आता दंडाचं काढते असं वाटलं. ती म्हणाली, “काका, तेच तेच पुस्तक परत वाचलं तर पान द्यायचं का हो?”

“कोण मागतंय?”

तिने हनुवटीने कोपरा दाखवला. कूलरच्या तोंडाशी सात-आठ वर्षांचं एक पोरगं बसलं होतं, मांडीवर पातळसं चित्रांचं पुस्तक. “पाच दिवस झाले, हेच पुस्तक. आणि रोज जाताना हात पुढं करतो, पान द्या म्हणतो. बाकीची लेकरं भांडायलेत.”

विचार करून सांगतो म्हणालो आणि बाकावर टेकलो. विचार कसला, कूलर सोडवत नव्हता.

आमच्या वेळी शिबिर नव्हतं, नुसता कूलर होता. हा नव्हे, याचा आजोबा. घरी एकच टेबलफॅन, तो आजोबांच्या पायाशी, आणि लाइट गेली की तोही मुका. त्यामुळे ग्रंथालयात कूलर बसवल्याची बातमी आमच्या गल्लीत सर्कस आल्यासारखी पसरली. दोन वाजल्यापासून आम्ही चार-पाच जण जाऊन बसायचो. शिपाई मामांचा नियम एकच, ज्याच्या हातात पुस्तक नाही तो बाहेर. मग सगळ्यात खालच्या खणातलं हाताला लागेल ते ओढायचं. पुस्तक उलटं धरलेलं असलं तरी मामांची हरकत नसे. दारावरच्या पाटीवर ‘तालुका ब वर्ग’ असं लिहिलेलं होतं. मी स्वतः चौथी ‘ब’मध्ये होतो, त्यामुळे ते ग्रंथालय आमच्याच तुकडीचं आहे याबद्दल मला शंका नव्हती. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी असे वर्ग पाडतात हे कळलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो, आणि खरं सांगतो, जरा वाईटच वाटलं.

वाचायला कधी लागलो ते आठवत नाही. उलटं धरलेलं पुस्तक एक दिवस सुलटं झालं असणार.

हे आजोबांना सांगितलं की ते हसायचे. गावाचं नाव मोमिनाबाद होतं तेव्हाची त्यांची गोष्ट. निजामाने १९२९ साली गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम काढला, म्हणजे परवानगीशिवाय सभा घ्यायची नाही. पण वाचनालयात पेपर वाचायला दहा माणसं जमली तर ती सभा कशी म्हणायची? एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी माना हलवायच्या. आजोबांची शाळा उर्दूतली, त्या वयात त्यांना मराठी धड वाचताही येत नव्हतं. पण मान फार चांगली हलवायचो म्हणत. थोडक्यात, आमच्या घराण्यात वाचनासाठी म्हणून वाचनालयात कुणी गेलेलंच नाही.

घरी नेलेल्या पुस्तकांची तऱ्हा निराळी. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया पडल्या की राखण माझ्याकडे. तीन दिवस भिजवलेले गहू, आजीने पहाटेच शिजवलेला चीक, आणि आईने साच्यातून जुन्या धोतरावर ओळीने घातलेले ते पांढरे वेढे. माझ्या डोक्यावर ओला टॉवेल, एका हातात काठी, मांडीवर ग्रंथालयाचं पुस्तक. शेजारी वाटीत गरम चीक, त्यावर कच्चं तेल आणि तिखट. एक घास, एक ओळ, एक ‘हाड्या’! असं तासन्‌तास. एकदा कावळा अगदी धोतराच्या काठावर उतरला. मी काठी उगारली आणि चिकाचा सणसणीत गोळा पुस्तकात पडला. घाबरून मी पुस्तक गच्च मिटलं. नेमकं तेच करायला नको होतं. संध्याकाळपर्यंत दोन पानं अशी चिकटली की मधला मजकूर कुरडईत गेला. त्यामुळे त्या गोष्टीतला मुलगा जंगलात वाट चुकतो आणि पान उलटलं की एकदम घरी जेवायला बसलेला असतो. तो घरी कसा आला, मला अजून माहीत नाही.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा पोटात गोळा आला होता. मामांनी ती दोन पानं चिमटीत धरून उन्हाकडे केली, वास घेतला, म्हणाले, “गव्हाचा दिसतोय.” आणि खणात ठेवून दिलं. दंड नाही, काही नाही. तेव्हापासून ग्रंथालयाचं पुस्तक घेतलं की आधी त्याची पानं उजेडात धरून बघायची खोड मला लागली आहे. तेलाचा डाग असला की बरं वाटतं. कोरं करकरीत पुस्तक मी शक्यतो घेतच नाही. आपल्याआधी कुणी जेवलेलं नाही अशा खानावळीत शिरल्यासारखं होतं.

आणि तेच पुस्तक परत वाचण्याबद्दल म्हणाल तर मी कुठल्या तोंडाने निकाल देणार? वर्षाला मी चार पुस्तकं वाचतो, त्यातली तीन आधी वाचलेली असतात. शिवाय हे गाव संतकवी दासोपंतांचं. गीतेवर लिहायला बसले ते सव्वा लाख ओव्या लिहून उठले, आणि कागद पुरेना म्हणून की काय, कापडावरही लिहिलं. ती त्यांची पासोडी, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. लहानपणी मला वाटायचं, दासोपंत थंडीत ती अंगावर घेऊन झोपत असतील आणि पायाकडचा मजकूर सकाळी वाचत असतील. एवढ्या लांब पुस्तकाला झाडाचं पान किती द्यायचं? एकच?

“ठरलं का काका?” ताई परत आली.

झाडाशेजारीच भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांचा तक्ता लावलेला होता. १९३१ सालची सूत्रं, तिला परीक्षेला असणारच. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. “प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. एकवचन आहे बघ. आणि रंगनाथन आधी गणित शिकवायचे. मोजायचंच असतं तर त्यांना काय अवघड होतं?”

“हे उत्तर लिहिलं तर मला नापास करतील,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघं कोपऱ्याकडे गेलो.

“काय वाचूलालास रे?” मी विचारलं.

“आगगाडीचं.” त्याने मान वर केली नाही. बोट अक्षराखाली होतं. पानावर एक भला मोठा डबा, खिडकीतून मान बाहेर काढलेला उंट, खाली दोन ओळी.

“कालबी हेच होतं म्हणं.”

“काल माकडाचा डबा होता. आज उंटाचा हाय.” मग ताईकडे बघून, “झालं माझं. पान द्या.”

“अरे, पुस्तक कुठं झालंय? पुस्तक वाचलं की पान, असं सांगितलं होतं ना?”

“पयल्या दिवशी तुमी म्हणलाव, पान वाचलं की पान.”

ताईने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, म्हणालीही असेल. एकीकडे झाडाचं पान, दुसरीकडे पुस्तकाचं पान, आणि वीस-पंचवीस लेकरं एकदम ओरडत असताना कोण काय म्हणतं कुणाला आठवतंय! पोरगं मात्र पाच दिवस नियमाप्रमाणे चाललं होतं. एक पान वाचायचं, एक पान मागायचं.

तिने घोटीव कागद दुमडला आणि कातरीने एकदम पाच पानं कापली. त्याने सगळ्यांवर आधी नाव लिहिलं, मग जीभ बाहेर काढून एकेका पानावर डब्याचं नाव. तेवढ्यात ती ३१ पानांची मालकीण उठून उभी राहिली. “ताई, मग मलाबी पानाला पान पाहिजे!” दुसरा म्हणाला, “मला पण.” मागून कुणीतरी पाढे म्हणायला लागलं. एका पुस्तकाची सोळा पानं, तर ३१ पुस्तकांची किती? ताईने डोक्याला हात लावला. एवढी पानं लावायची तर झाड छतावरून फिरवून देवघेवीच्या टेबलापर्यंत आणावं लागलं असतं. मी हळूच चपला शोधायला लागलो.

ती दारापर्यंत सोडायला आली. आवाज खाली करून म्हणाली, “मला वाटलं गार वाऱ्याला बसतोय नुसता. तिसरीत आहे हो तो. पण दिवाळी झाली की आईबापासोबत ऊसतोडीला जातो, कारखान्यावर. येतो ते एकदम पाडव्याच्या सुमाराला.” मला काही बोलायला सुचलं नाही. आतून तेवढ्यात भांडणाचा आवाज आला आणि ती पळाली.

रस्त्याने मी उगीच हिशोब करत आलो. शिबिराचे दहा दिवस उरलेत. पुस्तकाची पानं सोळा, उंटाचा डबा पाचवा. रोज एक डबा धरला तर एक मागे राहतो. मधला रविवार सुट्टीचा धरला तर दोन.

घरी आल्यावर बायकोने पिशवी उघडली. दिवाळी अंक आतच होता. म्हटलं, राहू दे आता, दिवाळीच्या आत देऊन टाकतो.