परतीचं तिकीट: खडगपूर ते नाशिकरोड

ताई लग्न होऊन खडगपूरला गेली त्याला आता पंचवीस वर्षं होतील. दाजी तिथल्या रेल्वे कारखान्यात. आम्ही नाशिकचे. मधलं अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर, म्हणजे चांगल्या गाडीने सव्वीस तास. जायचं असलं की घरात आठ दिवस आधीपासून उत्साह असतो, त्यामुळे जाण्याचा बेत आपोआप जमतो. परतीचं मात्र कोणी बोलत नाही. "ते बघू तिकडे गेल्यावर" असं म्हणून विषय संपतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही असंच "बघू" म्हटलं होतं. ताईच्या आग्रहाखातर हातातलं पक्कं तिकीट रद्द केलं, चार दिवस जास्त राहिलो आणि मग मिळालं ते आरएसी, म्हणजे बाजूच्या एका खालच्या बर्थवर दोघांनी बसायचं. आईने रात्रभर साइड लोअरवर बसून प्रवास केला. समोर पाय दुमडून बसलेले एक आजोबा होते. दोघंही एकमेकांना "तुम्ही पाय पसरा" म्हणत होते आणि दोघांनीही पसरले नाहीत. नाशिकरोडला उतरताना आईचे गुडघे असे सुजले होते की शेवटच्या पायरीवरून मी तिला जवळजवळ उचलूनच खाली घेतलं. तो दिवस मी विसरले नाही. यंदा आई चौऱ्याहत्तरची. त्यामुळे या वेळी ठरवलं की निघायच्या आधी परतीचं तिकीट हातात हवं, आणि बेत आखायचा तो आईच्या गुडघ्यांकडे बघून.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस दिवस होते. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते निम्मे झाले. या साठात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. आमचं जायचं होतं 20 डिसेंबरला आणि यायचं 11 जानेवारीला. म्हणजे जाण्याचं तिकीट निघालं तेव्हा परतीची तारीख उघडलीच नव्हती. इथेच लोक विसरतात. जाण्याचं काढलं की काम झालं असं वाटतं आणि तीन आठवड्यांनी परतीची तारीख उघडून भरूनही जाते. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर 12 नोव्हेंबरला लाल गोल केला आणि त्यात "सकाळी 8" लिहून ठेवलं.

11 जानेवारी का, याचंही कारण होतं. संक्रांतीला आईला स्वतःच्या देवघरात असायचं होतं. शिवाय दाजी म्हणाले, संक्रांतीच्या आसपास गंगासागरच्या यात्रेमुळे हावड्याकडे माणसांचा पूर लोटतो, त्याच्या आधी निघालात तर बरं.

मग गाडी कोणती? हावड्याहून मुंबईला येणाऱ्या दोन गाड्यांना लोक सरसकट "मुंबई मेल" म्हणतात. एक नागपूरमार्गे येते, दुसरी गया, प्रयागराजकडून. खडगपूर लागतं ते नागपूरमार्गे. नवख्या माणसाने नुसतं नाव बघून तिकीट काढलं तर गाडी ताईच्या गावाला शिवतसुद्धा नाही, म्हणून नंबर बघावा. नागपूरमार्गे येणारी मेल रात्री सुटते आणि नाशिकला अपरात्री टेकवते. थंडीत रात्री एक-दोन वाजता आईला घेऊन फलाटावर उभं राहायचं माझ्या जिवावर आलं. गीतांजली एक्सप्रेस मात्र हावड्याहून दुपारी सुटते, खडगपूरला साडेतीन-चारच्या सुमारास येते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाशिकरोडला. निरोपाचं जेवण सावकाश होतं, कोणाला पहाटे उठून डबे भरावे लागत नाहीत, आणि दोन्हीकडे चढउतार उजेडात. मी तिलाच पसंती दिली.

आईला गीतांजलीचं वेगळंच कौतुक. 1977 साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिच्यात वर्गच नव्हते; सगळे प्रवासी सारखे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम घालायचा निर्णयही त्यांचाच. आई तेव्हा पंचविशीत होती. "फळीवर चादर अंथरून आम्ही रात्र काढायचो, सकाळी पाठीवर फटींचे वळ उठायचे," असं ती सांगते आणि बर्थवर बसली की आधी हाताने गादी दाबून बघते. आता या गाडीला एसीचे डबेही आहेत, वर्गही आहेत, पण आईच्या लेखी ती दंडवत्यांचीच गाडी.

तिकीट काढताना एक नियम फार उपयोगी पडला. साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पण त्या तिकिटावर एकटा किंवा दोघंच प्रवासी असावे लागतात आणि दोघंही त्या वयात बसणारे. तिसरं नाव घातलं, किंवा दुसरा प्रवासी तरुण असला, की कोटा लागू होत नाही. मी सत्तेचाळीसची, आई चौऱ्याहत्तरची, म्हणजे आम्ही दोघी एका तिकिटावर चालत होतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 च्या मार्चपासून बंद आहे, ती अजून परत आलेली नाही आणि मला ते मनापासून खटकतं. खालच्या बर्थची सोय तरी टिकून आहे.

दुसरं म्हणजे तिकीट हावड्यापासून काढलं आणि चढण्याचं स्टेशन खडगपूर दिलं. गाडी जिथून सुटते तिथल्या कोट्यात जागा जास्त असतात. भाडं थोडं वाढतं. पण एकदा बोर्डिंग खडगपूर दिलं की हावड्याला चढता येत नाही, हे ध्यानात ठेवायचं. सकाळी आठला बसले, आठ वाजून सहा मिनिटांनी थर्ड एसीत दोन खालचे बर्थ पक्के. मी तिकिटाचा तो दहा आकडी पीएनआर क्रमांक कॅलेंडरवर त्याच लाल गोलाखाली लिहिला.

खरी काळजी पुढे सुरू झाली. माझा मुलगा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्याच्या परीक्षांचं वेळापत्रक डिसेंबरमध्ये लागलं आणि तो म्हणाला, मीही शेवटचा आठवडा मावशीकडे येतो. आनंद झाला, पण त्याचं परतीचं तिकीट निघालं ते वेटिंग एकोणीस. पूर्वी वेटिंगवाले "चढू, बघू" म्हणत डब्यात शिरायचे. आता वेटिंगवर आरक्षित डब्यात बसता येत नाही, आणि ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. म्हणजे दुसरी वाट तयार ठेवायलाच हवी. ती म्हणजे ऐन वेळचं तत्काळ आरक्षण: ते उघडतं गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी दहाला, स्लीपरसाठी अकराला. 2025 च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते काम मी नाशिकहून निघण्याआधीच उरकलं. ऐन वेळी ताईच्या घरात ओटीपीसाठी रेंज शोधत गच्चीवर फिरायचं नव्हतं.

रोज सकाळी चहाबरोबर आम्ही वेटिंगचा आकडा बघायचो. एकोणीसचे चौदा झाले, मग तीन दिवस चौदावरच. मग नऊ. दाजी म्हणायचे, "होईल, अकरा तारखेची बरीच तिकिटं रद्द होतात." दहा तारखेला सकाळी वेटिंगचं आरएसी झालं आणि मी तत्काळचा नाद सोडला. आरएसी म्हणजे बसायची जागा पक्की. तरण्याताठ्या मुलाला तेवढं पुरे.

सामानाचं थोडक्यात सांगते. थर्ड एसीत माणशी चाळीस किलो विनाशुल्क नेता येतं, पण प्रश्न किलोचा नसतोच, उचलणार कोण याचा असतो. दोन शाली, आईचे स्वेटर आणि ताईने दिलेल्या चादरी मी तीन दिवस आधीच पोस्टाने पुढे धाडल्या. हातात राहिल्या दोन बॅगा आणि एक पिशवी.

ती पिशवी म्हणजे गुळाची. बंगालमध्ये थंडीत खजुरीच्या रसाचा गूळ निघतो, त्याला नोलेन गुड म्हणतात. पातळ असतो तो बरणीत आणि घट्ट असते ती पाटाली. ताईने पाटालीच्या चार वड्या केळीच्या पानात गुंडाळल्या, वर वर्तमानपत्र, त्यावर सुती कापड, आणि सुतळीची गाठ. पान जरा फाटलं होतं तिथून तपकिरी कोपरा दिसत होता आणि धुरकट गोड वास येत होता. "आई, यंदाचा तिळगूळ याचा कर," ताई म्हणाली. आईने पिशवी मांडीवर घेतली ती नाशिकपर्यंत कोणाच्या हातात दिली नाही.

निघायच्या दिवशी ताई जेवताना म्हणालीच, "दोन दिवस अजून राहिलात तर काय बिघडणार आहे?" मला वाटलं, आई आता माझ्याकडे बघणार. पण ती म्हणाली, "तिकीट आहे गं. आता तू ये नाशिकला." ताईने मान खाली घालून तिला भात वाढला. पुढे काही बोलली नाही. आधीपासून पक्की असलेली तारीख अशी कामाला येते. ती मोडायची ताकद कोणात उरत नाही आणि दोष कोणाकडे जात नाही. गेल्या खेपेला तिकीट मोडताना मी चिडले होते, ताई रडली होती.

खडगपूरचा फलाट 1,072 मीटर लांब आहे. कित्येक वर्षं तो जगात सर्वांत लांब होता. 2013 मध्ये गोरखपूरने आणि 2023 मध्ये हुबळीने त्याला मागे टाकलं. पुस्तकात वाचायला हे छान वाटतं, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन चालताना तो एक किलोमीटर असतो. बावीस डब्यांची गाडी त्याच्या निम्म्यातच मावते. म्हणजे ती नेमकी कुठे उभी राहील आणि आपला डबा कुठे लागेल, हे आधी कळलं नाही तर चार-पाच मिनिटांच्या थांब्यात पळापळ होते. दाजींनी आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी आईला व्हीलचेअरवरून नेऊन एका खांबाजवळ बसवलं आणि म्हणाले, "आई, दार तुमच्यासमोर येईल." गाडी आली, हळू झाली, आणि दार आईपासून सहा-सात पावलांवर थांबलं. दाजी आधी चढले, बॅगा ठेवल्या, मग आईला हात दिला. ताई खिडकीच्या काचेवर तळहात टेकवून उभी राहिली. एसीच्या डब्यात बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही. ती काहीतरी सांगत होती, आई मान हलवत होती. नंतर मी विचारलं, काय म्हणाली? आई म्हणाली, "मला काय ठाऊक. हो म्हटलं."

झाडग्रामच्या आसपास लाल माती आणि सालाची झाडं. सव्वापाचला सूर्य बुडाला आणि घाटशिला येईपर्यंत पार अंधार. आईला तिथला लवकर होणारा अंधार शेवटपर्यंत सवयीचा झाला नाही. "दिवा लावायच्या आत रात्र होते इथं," असं ती तीन आठवडे म्हणत होती.

मुलगा साइड लोअरवर एका पोलादाच्या कारखान्यात काम करणाऱ्या काकांबरोबर बसला होता. हल्ली एसीत आरएसीवाल्या दोघांनाही वेगवेगळी चादर-उशी मिळते, ही चांगली सुधारणा. टाटानगर सुटल्यावर टीसी आले. हातातल्या यंत्रावर बघत ते म्हणाले, राउरकेलानंतर एक अप्पर मोकळा होतोय. मुलाने त्या काकांकडे पाहिलं. त्यांचंही आरएसीच होतं आणि त्यांना नागपूरपर्यंत जायचं होतं. टीसींनी यादी पाहून सांगितलं की नंबर मुलाचा आधी आहे. तो वर गेला आणि काकांना अख्खा साइड लोअर मिळाला. झोपण्यापूर्वी त्यांनी आमच्या दशम्या खाल्ल्या आणि आईला त्यांच्याकडची बोरं दिली.

बिलासपूर, रायपूर झोपेतच गेलं. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडता येतो. आमच्या वरच्या मुलीने सहालाच तो न सांगता खाली केला आणि आईला उठून बसता आलं. गोंदिया मागे पडलं होतं. वैनगंगेवरून गाडी गेली तेव्हा आईने खिडकीला हात जोडले. नागपूरला फलाटावरून "चहा घ्या, गरम चहा" असं मराठीत ऐकू आलं आणि तिचा आवाजच बदलला. मोठ्याने बोलायला लागली. बडनेरा, अकोला, मग भुसावळ. दिवस शेतांवरून सरकत होता आणि संपत नव्हता.

नाशिकरोडला उतरलो तेव्हा सहाला थोडी मिनिटं होती. आई पायऱ्यांवरून स्वतः उतरली, एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातात गुळाची पिशवी. फलाटावर उभी राहून तिने वर पाहिलं.

"अजून उजेड आहे की गं," ती म्हणाली. मग फोन मागितला, ताईला लावला आणि पहिलं वाक्य तेच सांगितलं.