साइट चालू होती, पण सापडत नव्हती

सोमवारी सकाळी एका वाचनालयातून फोन आला, "साइट बंद पडलीये, वाचक ओरडताहेत." त्यांची साइट आम्ही सांभाळतो. शुक्रवारी संध्याकाळीच ती नव्या सर्व्हरवर हलवली होती, त्यामुळे पोटात गोळा आला. उघडून पाहिली तर व्यवस्थित चालू.

तक्रार करणाऱ्या एका वाचकालाच फोन लावला. साइटवर कसे जाता, विचारलं. "गूगलवर नाव टाकतो, पहिलं येतं ते उघडतो." मी पत्ता अक्षर-अक्षर सांगितला. त्यांनी तोही गूगलच्याच चौकटीत टाकला. पुन्हा काही नाही. इतकी वर्षं साइट वापरणाऱ्या माणसाला तिचा पत्ता कधी लागलाच नव्हता. १९९४ साली याहू सुरू झालं तेव्हा ती माणसांनी विषयवार लावलेली यादी होती आणि चांगला पत्ता मिळाला की लोक तो जपून ठेवायचे. आता शोधातून गेलेली साइट वाचकाच्या लेखी बंदच.

'साइट' हा शब्द, कोलन आणि जागा न सोडता पत्ता, असा शोध घेतला; त्यात गूगलकडे असलेली त्या साइटची पानं दिसतात. मुख्य पान गायब, वेळापत्रक गायब. उरली होती ती वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली पानं, आणि त्यात सगळ्यात वर दोन वर्षांपूर्वीची नोटीस: दुरुस्तीमुळे वाचनालय दुपारी ३ नंतर उघडेल. वेळ शोधणाऱ्याला हीच दिसत होती. सकाळी येणारे वाचक वाचनालयात का फिरकले नव्हते, ते कळलं.

पहिला संशय रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलवर; कोणती पानं वाचू नयेत हे शोधयंत्रांना ती सांगते. ती साफ होती. शिवाय तिथे अडवलं तर क्रॉलर, म्हणजे शोधयंत्राचा पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पान वाचत नाही, पण नुसता पत्ता वर्णनाशिवाय निकालात दिसत राहू शकतो. पान असं चटकन नाहीसं होत नाही. मग पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, 'नोइंडेक्स' शोधलं; हे पान शोधात दाखवू नका, अशी ती सूचना. नव्हतं. इथे अर्धा तास गेला, कारण मी नको तिथे बघत होतो. सर्च कन्सोल या साइट सांभाळणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या साधनात मुख्य पानाचा पत्ता तपासला तेव्हा कळलं की नोइंडेक्स पानात नाही, एचटीटीपी हेडरमध्ये आहे, म्हणजे सर्व्हर पानाआधी पाठवतो त्या ओळींमध्ये. कर्ल कमांडने फक्त हेडर मागवले, आणि सातव्या ओळीत ते होतं: एक्स-रोबोट्स-टॅग, नोइंडेक्स.

चाचणीची प्रत शोधात दिसू नये म्हणून ही ओळ चाचणीच्या सर्व्हरवर घातलेली होती, आणि ते बरोबरच होतं. शुक्रवारी कॉन्फिगची, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगची, फाइल तिथून जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर आली. हेडर असल्यामुळे पीडीएफसुद्धा त्यात सापडले. नोइंडेक्स लागू होतं ते क्रॉलर पुन्हा भेट देईल तेव्हाच, आणि तो जास्त फेऱ्या मारतो महत्त्वाच्या, सतत बदलणाऱ्या पानांवर. म्हणून कामाची पानं आधी गेली. जी नोटीस जायला हवी होती, तीच तेवढी राहिली!

ओळ काढून सर्व्हरचं कॉन्फिग पुन्हा लोड केलं. सहकारी म्हणाला, जुनी नोटीस रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये अडवू. त्याला थांबवलं. दारच बंद केलं तर पान काढलंय हे क्रॉलरला कळणार कसं? नोटीस काढून त्या पत्त्यावर ४१० उत्तर, म्हणजे 'पान कायमचं काढलंय' असा कोड, ठेवलं आणि गूगलकडे ती शोधातून तात्पुरतं लपवण्याची विनंती टाकली. ती साधारण ६ महिने टिकते, तोवर क्रॉलर ४१० वाचतोच. मुख्य पान आणि वेळापत्रक यांच्यासाठी इंडेक्सिंगची, म्हणजे शोधाच्या यादीत घेण्याची, विनंती हाताने केली. अशा विनंत्यांना रोजची मर्यादा असते, म्हणून बाकीची पानं साइटमॅपवर, म्हणजे शोधयंत्रासाठी ठेवलेल्या पानांच्या यादीवर, सोडली. नकाशावरच्या कार्डात वाचनालयाच्या वेळा कुणी भरल्याच नव्हत्या, त्याही त्याच बैठकीत भरल्या.

मुख्य पान मंगळवारी रात्री परत आलं, वेळापत्रक बुधवारी. नियमावलीच्या पीडीएफला मात्र ३ आठवडे लागले.