नाष्टा आणि दुसऱ्या रक्ताच्या मधले दोन तास

मिरजेत आणि शुगर तपासायचं शिबिर कशाला, हा प्रश्न आमच्या मंडळाला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बरोबर आहे म्हणा, वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला तेव्हापासून मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, अथणी-रायबागकडनं लोक पेशंट घेऊन इथं येतात. पण आमच्याच गल्लीतली माणसं, हॉस्पिटलच्या दारावरनं रोज भाजीला जाणारी, पन्नाशी उलटली तरी एकदा बोटाला सुई टोचून घेतलेली नव्हती. कारण काय तर "मला काय होतंय?" मग गणपतीतला डीजे बंद केला, ते पैसे बाजूला काढले आणि १४ नोव्हेंबरच्या जवळपासचा रविवार धरून शाळेच्या हॉलमध्ये शिबिर सुरू झालं. १४ तारीख म्हणजे इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस, मधुमेह दिन. आमच्यातले निम्मे लोक मात्र तारीख सांगताना "बालदिनाला असतंय बघा" असंच सांगतात.

उद्घाटनाचं काही लिहीत नाही. दिवा लावतात, वात वाऱ्यानं विझते, परत लावतात. शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांचं दोन शब्द म्हणून बावीस मिनिटांचं भाषण. झालं.

खरी गंमत वेळापत्रकात आहे. सकाळी ७ ला उपाशीपोटी पहिलं रक्त, मग नाष्टा, आणि नाष्टा सुरू केल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. उपाशी शुगर १०० च्या आत पाहिजे, १२६ किंवा वर गेली तर डॉक्टरकडं जाऊन परत खात्री करायची, हे आता आमच्या गल्लीत शाळेतली पोरं पण सांगतात. बीपी, वजन, कमरेचा घेर हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात होतं. आणि मग मधे उरतो दीड तास. तो दीड तास म्हणजे अनुभवकथन. माझ्या मते शिबिर म्हणजे तेवढंच, बाकी सगळं लॅबवाले त्यांच्या लॅबमध्ये पण करतातच की.

अनुभव सांगणारी माणसं आपलीच असतात. डॉक्टर स्टेजवर बसतात पण त्यांना बोलू देत नाही, शेवटी प्रश्न आले तरच. पहिल्या वर्षी बोललेल्या वारीच्या मावशी (नाव लिहू नको म्हणाल्यात, सगळ्यांना माहिती आहेतच) आजपर्यंत दरवर्षी बोलतात. गोष्ट तीच असते. पायाला मुंग्या यायच्या, त्यांना वाटायचं वय झालं. मग पंढरीची वारी अनवाणी केली, तापलेल्या डांबरावरनं, आणि पाय भाजतोय हे कळलंच नाही. "सगळ्या बायका कण्हत होत्या आणि मला वाटलं माझ्यावर माऊलीची जास्त कृपा हाय," हे वाक्य त्या सांगतात तेव्हा आधी हॉल हसतो. मग त्या सांगतात की घरी आल्यावर सुनेनं पाय धुताना फोड बघितला, खाली काळं पडलं होतं, आणि दोन महिन्यांनी बोट काढावं लागलं. इथं त्या चप्पल काढतात आणि डावा पाय उचलून खुर्चीवर ठेवतात, सगळ्यांना दिसेल असा. दरवर्षी. मला माहीत असतंय आता चप्पल काढणार, तरी त्या वेळी मी मागं जाऊन उगाच खुर्च्या मोजतो, कारण पुढं बसलो की अवघड होतं.

त्यांच्या बोलण्यानंतर लगेच पायाच्या टेबलापुढं लाईन लागते. तिथं नर्सिंगच्या मुली एक नायलॉनचा जाड दोरा घेऊन बसतात, तो तळव्याला वाकेपर्यंत दाबायचा, १० ग्रॅमचा जोर पडतो म्हणतात, आणि माणसानं डोळे मिटून लागलं की हो म्हणायचं. शुगरनं पाय बधिर झालाय का बघायची एवढीच तपासणी. एका वर्षी आमचे एक हेडमास्तर, निवृत्त, कडक माणूस, डोळे मिटून बसले होते आणि मुलगी एकेका ठिकाणी दोरा टेकवत गेली, अंगठा, करंगळीखाली, चवडा. सर गप्प. शेवटी सर म्हणाले, "सुरू कर की बाळ, किती वेळ?" तिचं सगळं करून झालं होतं. ती मुलगी आमच्याकडं बघत होती की आता सांगायचं कसं. सरांनी तेव्हापासून बाथरूमपर्यंत सुद्धा चप्पल घातल्याशिवाय पाऊल टाकलेलं नाही, आणि शुगरवाल्यांचा आमचा दर महिन्याला गट बसतो, त्याला सगळ्यात आधी येऊन बसतात.

टाइप वनवाली, म्हणजे बहुतेक लहान वयात होणारा आणि रोज इन्सुलिन घ्यावंच लागणारा मधुमेह असलेली, आमची छोटी. पहिल्यांदा आली तेव्हा सातवीत होती, आई तिला मागच्या दारानं घेऊन आली, कुणी बघू नये म्हणून. पुढच्या वर्षी तीच पोरगी स्टेजवर चढली, नाष्ट्याच्या आधी सगळ्यांसमोर पेननं पोटात इन्सुलिन घेतलं, पेन डब्यात ठेवला आणि म्हणाली, "बस, एवढंच असतंय, आता मला उसळ द्या." बायकांच्यात एकदम कुजबुज, पुढं लग्नाचं कसं व्हायचं वगैरे. तिची आई उठली आणि म्हणाली, तिच्या लग्नाला तुम्हाला बोलावणार नाही, काळजी करू नका. असल्या टाळ्या मी विसर्जनाला पण ऐकल्या नाहीत. आता ती कॉलेजला आहे आणि नव्यानं निदान झालेल्या पोरांच्या आया तिला फोन करतात.

२०१९ चं शिबिर वेगळंच झालं. ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्याच शाळेत पूरग्रस्त राहिले होते, त्यातले काही नोव्हेंबरात शिबिराला म्हणून परत आले. एक दादा बोलले, बोटीत बसताना बायकोनं दागिन्यांचा डबा घेतला आणि ह्यांनी फ्रिजमधलं इन्सुलिन, तर बायको पूर्ण रस्ताभर बोलली नाही. शाळेत फ्रिज नव्हता, लाईट नव्हती. माठात पाणी भरून त्यात डब्यात बाटली ठेवायची, वर ओलं फडकं, हे आमच्या गटातल्या आजींनीच त्यांना सांगितलं होतं. ते सांगून झाल्यावर खाली बसायच्या आधी त्यांनी आजींकडं बघून नमस्कार केला आणि आजी म्हणाल्या, फडकं परत दिलं नाहीस.

आता तक्रार. लिहिणार नव्हतो पण लिहितोच. पहिल्या रक्ताला हॉल भरलेला असतो, बाहेर लाईन. नाष्टा झाला की निम्मे गायब. "जरा घरी जाऊन येतो," आणि दुसऱ्या रक्ताला धापा टाकत येतात, जिना चढून, चालून, मग शुगर कमी येते आणि खूश होऊन जातात! अहो ती शुगर तुमची नाही, जिन्याची आहे. आणि सगळ्यात जास्त कोण जातं तर आपल्याच मंडळाची तरणी पोरं, जी मिरवणुकीत पहाटेपर्यंत नाचतात, त्यांना दीड तास एका जागी बसवत नाही. बायका बसतात, म्हातारी माणसं बसतात, अथणीहून येणारे एक कन्नड आजोबा निम्मं कळत नसताना शेवटपर्यंत बसतात. सकाळचा योगासनाचा वर्ग घ्या, रोज ६ ला देवळाच्या हॉलमध्ये, फुकट, तिथं पण तेच. सुरुवातीला सतरंजी कमी पडायची, आता पवनमुक्तासनाला त्याच ओळखीच्या वहिनी आणि दोन काका. पण महिन्याचा गट एकदाही बंद पडला नाही, कोविडमध्ये सुद्धा फोनवर चालू होता, हे मी कुठंही छाती फुगवून सांगतो.

मदत करणाऱ्यांचं लिहिलं नाही तर मला गल्लीत राहू देणार नाहीत. हॉल देणारी शाळा, रविवारी पहाटे कुलूप काढणारे शिपाईमामा, पट्ट्या आणि सुया निम्म्या दरात देणारे मेडिकलवाले आणि त्यांचा मुलगा (तो जास्तीच्या पट्ट्या वडिलांना न सांगता देतो, आता कळेल), लॅबची तिन्ही पोरं, नर्सिंगच्या मुली आणि त्यांच्या मॅडम, घरोघरी जाऊन नावं लिहून घेणाऱ्या आशाताई, मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी करणारा बचत गट, त्यातल्या भाकरी थापणाऱ्या काकू ज्यांना मागच्या वर्षी माझ्या तोंडून धन्यवाद राहिला म्हणून त्या दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत, बिनसाखरेच्या चहाच्या थर्मासला लाल दोरा बांधणारे चहावाले अण्णा, म्हाताऱ्यांना ने-आण करणारे दोन रिक्षावाले, मंडपवाले, फ्लेक्सवाले, आणि माईकवाला, ज्याचा माईक बरोबर मावशी बोलायला उभ्या राहिल्या की कुई करतो. जनरेटर देणारे पण. आणि ज्या डॉक्टर मॅडम दरवर्षी येतात, बोलायला मिळत नाही तरी येतात, त्या. अजून कोण राहिलं असेल तर फोन करा, पण रात्री ९ च्या आत.

यंदा मी मीटिंगमध्ये एक सुचवलंय. रिपोर्ट घरपोच द्यायचे नाहीत, अनुभवकथन संपल्यावर हॉलमध्येच नाव पुकारून द्यायचे. सेक्रेटरी म्हणाले ही दादागिरी आहे. मी म्हटलं आहेच. मावशींना पण विचारलं, त्या म्हणाल्या, मग मी जरा सावकाश बोलीन.