श्रीमंताघरची घरफोडी
प्रभात रस्त्यावरील परिचितांच्या बंगल्यात घरफोडी झाल्याचे कळल्यावर आज सकाळी भेटायला गेलो, तेव्हा कपाटातले कपडे जमिनीवर पसरलेले होते आणि सत्तरीच्या काकू आईने दिलेल्या पाटल्यांची रिकामी डबी हातात धरून बसल्या होत्या. फाटकाबाहेर मात्र “त्यांना काय कमी आहे, विमा असेलच” असे बोलणे चालले होते, आणि ते मनाला फार लागले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घरातील चोरीला ७ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. घरमालकाची ऐपत तिथे विचारात घेतलेली नाही, मग आपणच ती का मोजावी? सहानुभूती काकूंना मिळायलाच हवी. पण पहिला संशय धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर गेला, कोणताही पुरावा नसताना. उद्या त्यांच्याही घरी जाणार आहे.