काळ्या गरुडाखालच्या तीन सह्या

जुन्या अमेरिकन नोटा जमवणारे बहुतेक जण चित्रावर भाळतात. कुणाला १९०१ ची बायसनवाली दहाची हवी असते, कुणाला १८९६ ची 'एज्युकेशनल' मालिका. मी सह्यांच्या नादी लागलो. हे वळण बहुधा घरचंच. आमच्या काकांकडे चिंतामणराव देशमुखांच्या सहीच्या, सहाव्या जॉर्जच्या काळातल्या नोटा होत्या. राजाकडे कुणी ढुंकून बघत नसे, सही मात्र कौतुकाने दाखवली जायची.

इथे अमेरिकेत आल्यावर '१८९९ ची ब्लॅक ईगल' हाताशी आली. ही एक डॉलरची सिल्व्हर सर्टिफिकेट, म्हणजे चांदीच्या बदल्यात काढलेली नोट. आजच्या डॉलरपेक्षा चांगलीच मोठी, जवळपास ७⅜ बाय ३⅛ इंच. मधोमध झेंड्यावर बसलेला गरुड, मागे कॅपिटॉलची इमारत आणि खाली लिंकन व ग्रँट अगदी चिमुकले. खाली डाव्या बाजूला 'रजिस्टर ऑफ द ट्रेझरी' या सरकारी खजिना खात्यातल्या अधिकाऱ्याची सही, उजवीकडे ट्रेझररची, म्हणजे खजिनदाराची. मला रस होता तो डाव्या सहीत. जॉर्जियाचे जडसन लायन्स (१८९८ ते १९०६), कॅन्ससचे विल्यम व्हर्नन (१९०६ ते १९११) आणि नॅशव्हिलचे जेम्स नेपियर (१९११ ते १९१३) असे तीन कृष्णवर्णीय अधिकारी त्या पदावर लागोपाठ होते. दक्षिणेत त्यांच्या समाजाचा मतदानाचा हक्क पद्धतशीर काढून घेतला जात होता, आणि त्याच काळात देशभरच्या खिशांतून यांच्या सह्या फिरत होत्या. तिघेही याच एका डिझाइनवर सापडतात, म्हणून ठरवलं की हा संच करायचाच.

लायन्स सोपा गेला. लायन्स-रॉबर्ट्स जोडी (डावीकडे लायन्स, उजवीकडे ट्रेझरर रॉबर्ट्स) मुबलक आहे, आणि बऱ्यापैकी वापरलेली नोट शे-दीडशे डॉलरच्या आसपास मिळून जाते.

व्हर्ननने घाम काढला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून होल्डरशिवायची, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून बंद पाकिटात न घातलेली, नोट घेतली. 'कुठेही दुरुस्ती नाही' असं त्याने लिहून दिलं होतं. नोट मायलरच्या पाकिटात, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, विमा उतरवून ग्रेडिंगला, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, पाठवली. ७० गुणांच्या मापावर पंचवीस-तीस पडतील असा अंदाज होता. परत आली ती 'नेट', म्हणजे सदोष, असा शिक्का घेऊन: वरच्या कडेची फाट बुजवलेली, शिवाय नोट धुऊन दाबलेली. ग्रेडिंगला आठवडे लागतात आणि परतीची मुदत तोवर संपलेली असते. विक्रेत्याने हात वर केले.

त्यानंतर नोट प्रत्यक्ष हातात घेऊनच घ्यायची, नाहीतर ग्रेड झालेलीच. फ्लोरिडात जानेवारीत भरणाऱ्या 'फन शो' या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात एका म्हाताऱ्या डीलरने शिकवलं ते अजून करतो. आधी नोट दिव्यासमोर धरायची. त्या काळी नोटा टाचणीने एकत्र टोचून ठेवत, त्यामुळे टाचणीची भोकं चमकतात, आणि बुजवलेली फाट आजूबाजूच्या कागदापेक्षा गडद किंवा फिकी दिसते. मग नोट सपाट ठेवून फोनचा टॉर्च अगदी आडवा मारायचा. इस्त्री केल्यासारख्या दिसणाऱ्या नोटेवर जुन्या घड्यांच्या रेघा अशा काही उठून येतात की डीलरही गप्प होतो. शेवटी मागची बाजू बघायची. अस्सल, न दाबलेल्या कोऱ्या नोटेत छपाईचा उठाव मागूनही जाणवतो. दुसरी व्हर्नन अशी पारखून घेतली. घड्या भरपूर, पण लपवलेलं काही नाही. मला तीच जास्त आवडते.

नेपियरच्या वेळी पैशाचा प्रश्न होता. नेपियर-थॉम्प्सन जोडी दुर्मिळ. कार्मी थॉम्प्सन नोव्हेंबर १९१२ पासून जेमतेम काही महिने ट्रेझरर होते, त्यामुळे त्या जोडीचा भाव कित्येक पट. लिलावात बोली लावून पाहिली, पण बोलीवर साधारण वीस टक्के खरेदीदाराकडून वर घेतात हे धरल्यावर हात आखडला. मला सही नेपियरचीच हवी होती, शेजारी कोण आहे याने काय फरक पडतो? नेपियर-मॅकक्लंग घेतली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने ट्रेझरी खात्यात काळ्या-गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळं करायला सुरुवात केल्यावर, त्याच्या निषेधार्थ राजीनामा देणारा हा माणूस. त्यांच्यानंतर ते पद चॉक्टॉ या मूळ अमेरिकन जमातीच्या गेब पार्कर यांच्याकडे गेलं. त्यांचीही ब्लॅक ईगल आहे, तीही स्वस्तात.

राहता राहिले याच पदावरचे आणखी एक कृष्णवर्णीय अधिकारी, ब्लांच ब्रूस. गुलामगिरीत जन्मलेले, पुढे मिसिसिपीचे सेनेटर झालेले. १८९८ साली ते पदावर असतानाच वारले, म्हणून या गरुडावर ते नाहीत. त्यांची सही १८९६ च्या एज्युकेशनल एक डॉलरवर मिळते, आणि तिची किंमत ऐकून बायकोने विचारलं, "अहो, एक डॉलरच ना तो?" कायद्याने तसंच आहे, १८६१ पासूनची प्रत्येक अमेरिकन नोट आजही दर्शनी किमतीला चालते. तूर्तास पार्कर घेतो.